सहा-सहा रोपांची बाग

आमच्या सोसायटीला पुष्पप्रदर्शनात २० बाय १५ फुटांची जागा मिळाली आणि मी उत्साहाच्या भरात बोलून बसले, "यंदा कारंजं नको, सिमेंटची बदकं नकोत. सरळ रेषांची, साधी बाग करू." डोक्यात रॉबर्टो बर्ल मार्क्स होता. ब्राझीलचा हा बागा आखणारा माणूस चित्रकारही होता. एकाच जातीची झाडं दाटीनं लावून जमिनीवर रंगाचे सलग पट्टे उमटवायचा. गंमत म्हणजे आपल्याच देशातली झाडं त्याला नीट दिसली ती १९२८ च्या सुमारास, बर्लिनच्या काचघरांत!

मीटिंगमध्ये आराखडा मांडला. पहिला प्रश्न, "ही बाग आहे की पार्किंग?" दुसरा त्याहून अवघड, "मग माझी जास्वंद कुठे ठेवायची?" घोडं इथेच अडलं. २२ घरं, प्रत्येकाला आपली कुंडी मिरवायची. आणि आराखड्यात झाडाची जात एकच.

शेवटी लाल अल्टरनेन्थेरा ठरला, रंगीत पानांचं बुटकं झाड. फांदी खोचली की जगते, कितीही छाटा. पट्टा ३० चौरस फुटांचा, चौरस फुटाला ४ रोपं, म्हणजे १२०. दोन घरांनी हात जोडले, उरलेल्या २० घरांना सहा-सहा फांद्या वाटल्या. आइस्क्रीमचे डबे, तेलाचे कॅन, एके ठिकाणी तर जुना कुकर.

फरशी फुकटात झाली. पार्किंगमधून उखडलेली शहाबादी पडूनच होती (म्हणजे तो टोमणा अगदीच खोटा नव्हता). गवंड्यानं गुण्या लावून काटकोन तीनदा तपासला. माळीदादा बघत उभे. "झाडाला कुठं असतोय काटकोन?"

दोन महिन्यांनी रोपं खाली आली आणि माझ्या पोटात गोळा आला. काही गडद लाल, काही चक्क हिरवी! याचा रंग उन्हावर खुलतो, हे माहीत असून साफ विसरले होते. रात्री ट्यूबलाइटखाली जुळवायला बसलो, तर सगळीच तपकिरी दिसायला लागली! सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी ताबा घेतला. ब्लाउजपीस जुळवावा तसं एकेक रोप शेजारच्याला लावून बघितलं. एका टोकाला गडद लाल, तिथून उतरत उतरत दुसऱ्या टोकाला हिरवं.

बक्षीस काही मिळालं नाही. पण एक परीक्षक वाकून बघत राहिले. "ही छटा कशी साधली?"

काकू म्हणाल्या, "आमच्याकडे ऊन येत नाही."