काळी बोटं

फेब्रुवारी संपत आला, हरभरा काढणीला आला की मला कॉलेजातली २८ तारीख आठवते. १९२८ साली याच दिवशी रामन परिणामाचा शोध लागला, म्हणून हा विज्ञान दिन. दर्यापूरकडच्या आमच्या छोट्या कॉलेजात त्या दिवशी पटांगणात मांडव पडायचा आणि बी.एस्सी.ची पोरं वर्षभराचं काम गावासमोर मांडायची.

आमचं काम पाण्याचं. सगळा मुलूख पूर्णाकाठचा, खारपाणपट्टा. आजी म्हणायची, "माय, या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही." केमिस्ट्रीच्या सरांनी तोच विषय धरला. ज्याने त्याने आपल्या गावच्या विहिरीचं पाणी आणायचं, पावसाळ्याआधी आणि नंतरही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, वर गाव आणि तारीख लिहायची. एसटीत ती पिशवी मी मांडीवरून खाली ठेवत नसे.

क्लोराइड, म्हणजे पाण्यातला मिठाचा अंश, मोजायला वर ब्युरेटमध्ये, म्हणजे खुणांच्या उभ्या काचनळीत, सिल्व्हर नायट्रेट, खाली फ्लास्कमध्ये पाणी आणि थोडं पोटॅशियम क्रोमेट. वरून थेंब थेंब सोडत राहायचं, विटकरी झाक टिकली की थांबायचं; जितकं जास्त लागलं तितकं क्लोराइड जास्त. माझ्या गावच्या पाण्याला अख्खी ब्युरेट रिकामी झाली, तरी रंग पिवळाच! मी रडवेली झाले. सर शेजारी येऊन उभे राहिले. "तुझं काही चुकलं नाही बाप्पा, पाणीच तेवढं खारं आहे. दहापट पातळ कर आन् पुन्हा घे." तीन रीडिंग जुळेपर्यंत ते वहीत आकडा लिहू देत नसत. संध्याकाळची शेवटची गाडी चुकायची, तेव्हा मॅडम आम्हा मुलींना घरी जेवायला न्यायच्या. इतकी माया मला पुढे कुठल्याच मोठ्या प्रयोगशाळेत मिळाली नाही.

सिल्व्हर नायट्रेट बोटांना लागलं की काळे डाग पडतात, धुतल्याने जात नाहीत. मांडवात पोस्टरपाशी उभी असलेली आमची पोरं त्या बोटांवरूनच ओळखू यायची.

दुसऱ्या वर्षी बाबा वावरातलं काम टाकून आले. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे २५० मिलिग्रॅम क्लोराइड चालतं, दुसरं पाणीच नसेल तर १,००० पर्यंत, हे त्यांनी बोट फिरवत वाचलं. मग आमच्या विहिरीचा आकडा वाचला. बराच वेळ गप्प होते. शेवटी सरांना म्हणाले, "मंग सर, पावसाचं पाणी विहिरीत सोडलं तर खारेपणा कमी होईन का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "पुढच्या साली तुमची पोरगीच मोजून सांगते."

त्या पावसाळ्यात बाबांनी छपराचं पाणी गाळून विहिरीत सोडलं आणि दिवाळीत बाटली घेऊन स्वतःच विहिरीवर गेले. तीनदा विसळली ना, मी विचारलं.

"चारदा," ते म्हणाले.