नमुना 14 मधला ‘कु’

दप्तराचा रुमाल, म्हणजे कागद बांधलेलं फडकं, सोडला तेव्हा वरच्या पानांची कसरीनं जाळी केलेली होती. आत गाव नमुना 14, जन्ममृत्यूचं रजिस्टर, लोकांच्या तोंडी कोतवाल बुक. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि तहसिलांना एकदम मोडी लिपी वाचणारे हवे झाले. मी त्यांतला एक.

मोडीत आधी ओळभर शिरोरेघ मारायची, मग बोरू शक्य तितका न उचलता अक्षरं ओढत न्यायची. शब्दांत फट नाही, ह्रस्वदीर्घ नाही, अनुस्वार लिहिणाऱ्याच्या मर्जीवर. जातीचा रकाना अरुंद, म्हणून कित्येकदा नुसतं आद्याक्षर. त्या दिवशीची नोंद अशी: बाप ‘राणू बिन धोंडी’, अपत्य ‘पुत्र’, जात ‘कु’. बाळाचं नाव नाही, आडनाव नाही. जुन्या रजिस्टरांत हे नेहमीचंच.

“कुणबी धरा आणि पुढचं घ्या,” शेजारच्या टेबलावरून आलं. पण दोनच पानं मागे याच हातानं एकाला ‘कु’ लिहिलं होतं आणि त्याच माणसाच्या घरच्या मृत्यूनोंदीत चक्क ‘कुंभार’. दोन्ही जाती इतर मागास वर्गात येतात हे खरं, पण दाखला जातीच्या नावानं निघतो.

अशा वेळी लिहिणाऱ्याचं वळण शिकावं लागतं. वर्षभराच्या नोंदींतून अख्खा शब्द लिहिलेल्या तेवढ्या वेगळ्या काढल्या. ‘कुणबी’ लिहिताना हा गृहस्थ उकाराची शेपटी वर उचलून ‘ण’ला भिडवतो, ‘कुंभार’ लिहिताना ती खालीच तोडतो. आखूड ‘कु’तही तीच सवय राहते. टॉर्च आडवी धरून भिंगातून पाहिलं की बोरूचा दाब कुठे संपला ते कळतं. राणूच्या नोंदीत नेमकी शेपटीवरच ओल उतरलेली, शाई फुटलेली.

मी ‘वाचन संदिग्ध, याच नावाचा फेरफार व हक्कनोंदणी पाहावी’ असं लिहिलं. जमिनीच्या कागदात आडनाव सापडलं असतं, वंशावळ जोडता आली असती. पण रोजच्या अहवालात आकडे दोनच: तपासलेली कागदपत्रं आणि सापडलेल्या कुणबी नोंदी. शंकेला रकानाच नाही. ज्यांनी हा अहवालाचा तक्ता आखला त्यांनी एकदाही मोडीचं पान हातात धरलं नसावं.

राणूचे पणतू उद्या अर्ज करतील. इतर मागास वर्गाच्या दाखल्यासाठी 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो; तसा हा एकच कागद त्यांच्याकडे असला, तर मी त्यांचा आधार काढून घेतला का? आणि ‘कुणबी’ लिहून दिलं असतं, तर जात पडताळणी समितीपुढे जात सिद्ध करायचा भार जातीच्या दाखल्यांबाबतच्या 2000 च्या कायद्यानं त्यांच्याच डोक्यावर आला असता, माझ्या नाही.

पान स्कॅन झालं. शेरा वेगळ्या चिठ्ठीवर होता, ती स्कॅनमध्ये नाही.