तवाऊ: सिपादानला जाताना एक दिवस जेवणासाठी

केळीचं पान उकललं आणि हळद, गवती चहा अन् नारळाच्या दुधाचा वास एकदम अंगावर आला. आत पिवळाधमक भात, त्यावर लालभडक तिखट-गोड रश्शात माखलेला मासा आणि अर्धं उकडलेलं अंडं. हा नासी कुनिंग, तवाऊचा सकाळचा नाश्ता. आदल्या दिवशी नऊनंतर गेलो तर टोपली रिकामी होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सातलाच हजर झालो. तुम्हीही लवकर जा.

डायव्हिंगसाठी प्रसिद्ध असलेल्या सिपादान बेटाच्या वाटेवरचं तवाऊ मलेशियाच्या सबाह राज्यात आहे, पण चुलीवर इंडोनेशिया शिजतो. इंडोनेशियाच्या सुलावेसी बेटावरून आलेले बुगिस आणि जावाचे लोक इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. समोरच्या सेबातिक बेटाच्या मधून दोन देशांची सीमा जाते. १८९१ साली ब्रिटिश आणि डचांनी ती आखली, पण दोन्हीकडची माणसं नातीगोती आणि मसाले सांभाळून आहेत.

दुपारी सोतो आयाम खाल्लं: हळदीचा पातळ कोंबडीचा रस्सा, शेवया, मोडाचे मूग, वरून लिंबू. सुलावेसीतल्या मकासार शहराचं चोतो त्याहून दाट, कुटलेल्या शेंगदाण्यांचं. दाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या जिभेला ते जवळचं वाटावं, पण त्यात गोमांस असतं. म्हणून हे शब्द पाठच करा: आयाम म्हणजे कोंबडी, इकान म्हणजे मासा, उडांग म्हणजे कोळंबी. ‘डागिंग’चा अर्थ मांस, पण इथे बहुतेक वेळा गोमांसच.

शाकाहाऱ्यांनी जास्त जपावं. सांबालच्या चटणीत बहुधा बलाचान असतं, म्हणजे आंबवलेल्या बारीक कोळंबीचा गोळा. वास थेट आपल्या जवळ्याच्या वळणाचा. पालेभाजीतही ते घालतात. ‘आदा बलाचान?’ असं विचारूनच घ्या. तळलेलं तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, मिळालं तर सोडू नका. संध्याकाळी केळ्याची गरम भजी मिळतात, ती इथे तिखट सांबालला लावून खातात. मला हा प्रकार सगळ्यात आवडला. घरी आल्यावर राजेळी केळ्यांचा करून पाहिला, छान जमला.

विमानतळ गावापासून सुमारे ३० किलोमीटरवर आहे आणि सिपादानच्या बोटी जिथून सुटतात त्या सेंपोर्नाच्या वाटेवर, त्यामुळे डायव्हिंगवाले गावात शिरतच नाहीत. एक मुक्काम तरी ठेवा. ग्रॅब ही ॲपवरची टॅक्सी चालते, टपऱ्यांवर मात्र सुटे रिंगिट लागतात. क्वालालंपूरहून आलात तरी सबाहमध्ये पासपोर्ट पुन्हा तपासतात, तो चेक-इनच्या बॅगेत टाकू नका. मलेशियाचं डिजिटल आगमन कार्ड पोहोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत भरायचं असतं. सूर्य सहा-साडेसहालाच मावळतो, दिवसाची आखणी तशी करा. रमजानात दिवसा बऱ्याच खानावळी बंद असतात. पूर्व किनाऱ्यावर पूर्वी अपहरणं झाली आहेत, त्यामुळे समुद्रात जायच्या आधी त्या वेळच्या सरकारी सूचना जरूर वाचा.

निघताना आंप्लांग घ्या. माशाचे हे कुरकुरीत फुगे पिशवीत चुरत नाहीत, मुंबईपर्यंत व्यवस्थित आले.