डब्यातला खेकडा

हीरक महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी शाळेविषयी चार शब्द मागितलेत. तीनदा लिहायला बसलो आणि तिन्ही वेळा बाईंवरच लिहून झालं. आता तसंच पाठवतोय. बाई म्हणजे कुठल्या, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही.

2005 चा जुलै संपत आला होता, मी पाचवीत. पंचगंगा पेठेत शिरली आणि आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी शाळेत राहायला आलो. ज्या वर्गात आदल्या आठवड्यात अंगठे धरून उभा होतो, तिथंच आईनं दोन बाकं जोडून धाकट्याला निजवलं. मोठ्या माणसांच्या तोंडी दिवसभर एकच, "बंधाऱ्यावर किती फूट?" राजाराम बंधाऱ्याला 43 फूट म्हणजे धोका, हे आम्हा पोरांना पाढ्यांआधी पाठ.

बाईंचं घर उंचावर, कोरडं. तरी रोज सकाळी साडी खोचून, छत्री टेकत यायच्या. फळ्याच्या कोपऱ्यात पाण्याचा आकडा लिहायच्या आणि उद्याचा आम्हाला ओळखायला लावायच्या. ज्याचा अंदाज जवळचा, त्याला लिमलेटची गोळी. मी रोज कमीच सांगायचो.

"एवढं उतरंल काय रे?"

"उतरंल की, बाई."

गोळी एकदाच मिळाली, पण आकडा ऐकायची भीती गेली.

एका दुपारी म्हणाल्या, "पाणी घरात शिरलंय म्हणजे पाहुणे आलेत. कोण कुठं बसलंय, काढा बघू." मी फळ्यावर आमचं घर काढलं. बाबांच्या खुर्चीत मरळ, देव्हाऱ्यात बेडूक, चपातीच्या डब्यात खेकडा. आई मागं येऊन उभी राहिली. दोन दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. खेकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "डबा वरच्या फळीवर हाय. ह्यो चढला कसा?" बाईंनी काही न बोलता खडू तिच्या हातात दिला. चौथीत शाळा सुटलेल्या माझ्या आईनं फळ्यावर शिडी काढली. पाच पायऱ्यांची, जरा वाकडी.

घरी परतलो तेव्हा नडगीपर्यंत गाळ आणि तो वास (पूर बघितलेल्यांना सांगायला नको). मी आधी डबा शोधला. उलटा पडला होता, आत नुसता चिखल. "गेला वाटतं शिडीवरनं उतरून," म्हणत आईनं खराटा घेतला. शिलाई मशीन गेलं ते मात्र गेलंच.

आज मी पुण्यात फिजिओथेरपिस्ट आहे, जास्त करून लहान मुलांचा. गेल्या वर्षी स्वतःचं सेंटर काढलं. प्लास्टर काढल्यावर कोपर आखडलेलं असतं. "हात सरळ कर" म्हटलं की पोर भोकाड पसरतं. "फळीवरचा खेकडा पकड" म्हटलं की रडत रडत का होईना, हात वर जातो. दुखायचं थांबत नाही, पण पोराला खेकडा हवा असतो. पालक विचारतात, ही पद्धत कुठं शिकलात? मी कोल्हापूर म्हणतो, त्यांना वाटतं कॉलेजचं नाव सांगतोय.

2019 च्या ऑगस्टात पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मी पुण्यात अडकलेलो, हायवे बंद, आई मामाकडं. त्या रात्री बाईंचा फोन आला. कसा आहेस वगैरे काही नाही. "यंदा खेकडा कुठं बसवलायस?" मी अर्धा तास सांगत होतो.

मध्ये शाळेत येऊन गेलो. त्या वर्गात आता पांढरा बोर्ड आहे, मार्करवाला. स्वच्छ आहे, चांगला असेल. जुना फळा कुठं ठेवलाय, कुणाला माहीत नव्हतं. अडगळीत सापडला तर टाकू नका, टेम्पोचं भाडं मी देतो.

आणि समारंभात बाईंना व्यासपीठावर बसवू नका. पंख्याचा वारा त्यांना सोसत नाही. मागं खिडकीपाशी खुर्ची ठेवा, शेजारची माझ्या आईसाठी धरा.