आमराईत चेंडू, वर पाऊस

यंदाही आमचा जगलिंगचा, म्हणजे एकामागून एक चेंडू उडवून झेलण्याचा, मेळा सांगलीच्या आमराईत. तारीख जूनमधलीच, कारण आंतरराष्ट्रीय जगलर्स असोसिएशनची स्थापना १७ जून १९४७ ची. दादा दरवर्षी कुरकुरतो, "जानेवारीत घे की! पावसात कोण येणार?" ऐकतंय कोण.

वर्गणी दोनशे, खायला भडंग. चेंडू घरचेच, फुग्यात मोहरी भरलेले. गेल्या वर्षी तांदूळ भरला, भिजून पार खीर झाली होती.

चार चेंडूंची गंमत पोरांना पटतच नाही: प्रत्येक हातात दोन, ते त्याच हातात झेलायचे, अदलाबदल नाहीच. भिलवडीहून आलेल्या आजोबांनी मात्र पिशवीतली चार लिंबं काढून लगेच उडवली. "१८८० साली सर्कस काढणारे विष्णुपंत छत्रे आमच्या शेजारच्या अंकलखोपचे," म्हणाले, आणि एक लिंबू थेट भडंगात.