कॉफीचं पान आणि माझ्या ४० बाटल्या

एमएस्सीच्या प्रोजेक्टला कॉफी घेतली तेव्हा घरचे हसलेच, सोलापुरात ज्वारी पिकते आणि ही कॉफी घेऊन बसलीय म्हणे. रोपं अरेबिकाची, चिकमगळूरहून आणलेली, शेडनेटखाली ठेवली होती. पानाचे तुकडे बाटलीतल्या मिडियावर, म्हणजे पोषक जेलीवर लावायचे, कॅलस म्हणजे पेशींचा गोळा आणायचा, एवढंच काम. मिडिया करायला आठवड्यात शिकले, पान निर्जंतुक करायला मात्र तीन महिने गेले.

तशी रीत सोपी आहे, नळाखाली धुवायचं, ट्वीनचे (साबणासारखं द्रव) दोन थेंब टाकलेल्या पाण्यात हलवायचं, ७० टक्के इथेनॉलमध्ये ३० सेकंद, मग हायपोक्लोराइट म्हणजे ब्लीच, मग लॅमिनारमध्ये (गाळलेल्या हवेच्या कपाटात) ऑटोक्लेव्ह केलेल्या, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलेल्या पाण्याने तीन-चारदा धुवायचं. पहिल्या खेपेला ४० बाटल्या लावल्या, तिसऱ्या दिवशी ३१ मध्ये कापसासारखी बुरशी! मग मी ब्लीचची वेळ वाढवत गेले, १५ चे ३० मिनिटं केले तरी तेच. शेवटी कॅन उघडून वास घेतला तर वासच नाही, ते हायपोक्लोराइट पत्र्याच्या स्टोअररूममध्ये मागच्या उन्हाळ्यापासून पडून होतं, आपल्याकडचा मे महिना माहितीय ना, क्लोरीन कधीच उडालेलं. लेबलवर ४ टक्के, आत नुसतं पाणी. नवीन कॅन आणला आणि सवयीने पुन्हा ३० मिनिटं ठेवलं, तर पानंच पांढरीफटक होऊन मेली. मग पातळ करून दीड टक्क्यावर १५ मिनिटं, तेव्हा कुठे बुरशी थांबली.

थांबली म्हणून पेढे वाटणार तेवढ्यात दहाव्या दिवशी कापलेल्या कडेला दुधाळ, चिकट कड आली. सर म्हणाले, वरची घाण असती तर दोन-तीन दिवसांत दिसली असती, इतक्या उशिरा कडेतून येतंय म्हणजे बॅक्टेरिया पानाच्या आतच राहतायत, तिथं ब्लीच पोचत नाही. मी मर्क्युरिक क्लोराइड, म्हणजे पाऱ्याचं विषारी मीठ, वापरू का विचारलं तर सरळ नाही म्हणाले, ते पाणी नंतर कुठं ओतणार तू? बरोबरच होतं. भिंगाखाली बघितलं तर पानाच्या पाठीमागे, मधल्या शिरेला बाजूच्या शिरा फुटतात तिथं बारीक खड्डे असतात कॉफीला, त्यात हवेचा बुडबुडा अडकून बसतो आणि ब्लीच आत शिरत नाही. तेव्हापासून बीकर सारखा हलवत राहते, हात दुखला तरी.

पण खरा तोडगा लॅबच्या मामांनी काढला. त्यांची डाळिंबाची बाग आहे, तेल्या हा डाळिंबावरचा बॅक्टेरियाचा रोग त्यांना चांगला माहीत. मी झारीने रोपांवर वरून पाणी घालताना बघून म्हणाले, "अगं बाई, पानावर नको ओतू, बुडाला घाल. तेल्या असाच पसरतो आमच्यात, पाण्याच्या शिंतोड्यानं." मग रोपं छपराखाली आणली, तीन आठवडे फक्त बुडाला पाणी, अधूनमधून बाविस्टीन हे बुरशीनाशक, आणि शेंड्याकडून पानांची दुसरी जोडी तेवढीच घ्यायची, जुनी पानं नाहीत. दुधाळ कड जवळजवळ गेलीच.

आता राहिलं काळं पडणं. कापलं की कॉफीतली फिनॉल्स सुटतात आणि मिडिया चहासारखा होतो, म्हणून धुवायच्या पाण्यात अॅस्कॉर्बिक अॅसिड घालते आणि बाटल्या अंधारात ठेवते. कल्चर रूममध्ये अंधार कुठला, म्हणून रॅकवर घरची सोलापुरी चादर टाकलीय, सर बघून काही बोलले नाहीत. या खेपेला ४० पैकी ३३ स्वच्छ आहेत, दोन बाटल्यांत कडेला पिवळसर फुगवटा दिसतोय, बहुधा कॅलसच.