छोट्या वाट्यांचा हिशेब

रात्रीची जेवणं उरकली की आमच्या ओट्यावर भांड्यांची उतरंड सुरू होते. कढईतली भाजी पातेलीत, पातेलीतली वाटीत, आणि वाटीवर बशी झाकून सगळं फ्रिजमध्ये. अर्धं रिकामं पातेलं फ्रिजमध्ये सरकवणं हा गुन्हा मानणाऱ्या घरात मी लग्न होऊन आले. कुठल्या वाटीत काय आहे, ते कधीचं आहे आणि पुढे त्याचं काय व्हायचं आहे, हे सासूबाई झाकण न काढता सांगतात. मुगाची उसळ दोन चमचे? ती उद्या थालिपिठात. अर्धी वाटी वरण? सकाळी कणकेत. कोबीला मात्र मुदतवाढ नसते. "तो आत्ताच संपवा कोणीतरी," कारण फ्रिजमधल्या कोबीच्या वाटीला दुसऱ्या दिवशी कोणी ओळख देत नाही.

काटकसर म्हटलं की बहुतेकांना कमी खर्च आठवतो. कमी खर्च काय, पाकीट घरी विसरलं तरी होतो. एक जेवण चालू असताना पुढच्या जेवणाचा विचार मागे चालू ठेवायचा आणि तो कोणाला दिसू द्यायचा नाही, हे खरं अवघड काम. त्यात सुट्टी नसते. घरातल्या एकाच माणसाच्या डोक्यात ती वही असते आणि ते माणूस चार दिवस गावाला गेलं की फ्रिजमध्ये बुरशी येते.

फोडणीच्या पोळीचंच बघा. कुठे तिला कुस्करा म्हणतात, कुठे माणिकमोती, कुठे मनोहरा. नावं इतकी लाडाची आहेत की एखाद्या घरंदाज पक्वान्नाची वाटावीत. पण हा पदार्थ ताज्या पोळीचा होत नाही. ताजी पोळी कुस्करली की तिचा चिकट गोळा होतो. तिला रात्रभर पडून कोरडं व्हावं लागतं. मग भरपूर कांदा, शेंगदाणे, हिंग-मोहरीची सढळ फोडणी, साखरेची चिमूट, वरून पाण्याचा नाहीतर ताकाचा हबका आणि झाकण ठेवून एक वाफ. आमच्याकडे शनिवारी रात्री चार पोळ्या जास्तच लाटल्या जातात आणि रविवारी सकाळी "अगंबाई, पोळ्या उरल्या वाटतं" असं नाटक होतं. हे असलं मुद्दाम उरवलेलं उरणं काटकसरीत बसतं का, असं मी एकदा विचारलं होतं. "तुला नको का?" एवढंच उत्तर आलं. त्यातल्याच एका पोळीचा गूळ-तूप घालून लाडू होतो. तो नातवाचा. त्यावर चर्चा नाही.

दोडका आमच्याकडे कोणालाच आवडत नाही. तो आणला जातो शिरांसाठी. शिरा काढून, बारीक चिरून थेंबभर तेलावर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, त्यात तीळ, सुकं खोबरं, मिरची, मीठ घालून चटणी वाटायची. शिरा काढल्यावर दोडका उरतो, म्हणून नाइलाजाने त्याची भाजी करतात. उरलं काय आणि मूळ काय याचा क्रमच इथे उलटा झाला आहे, आणि चटणी खाल्लेल्या माणसाला तो चुकीचा वाटत नाही. कलिंगडाचा लाल भाग संपला की सालीलगतचा पांढरा गर किसून धिरड्यात जातो. आमरस काढल्यावर कोयी आणि साली पाण्यात कोळून त्या पाण्याला तूप-जिऱ्याची फोडणी दिली की सार होतं; काही घरांत त्याला फजिता म्हणतात. दूध नासलं तर साखर घालून आटवायचं, म्हणजे नासकवणी. तूप कढवल्यावर तळाशी राहिलेल्या बेरीवर साखर घालून मुलांना बोलवायचं, उशीर झाला तर ती पोळीच्या कणकेत जाते.

पण यालाही मर्यादा आहे, आणि ती हल्ली लोक ओलांडतात. फ्लॉवरचे देठ, मटारच्या साली, गाजराची शेंडी असं सगळं उकळून, गाळून, त्यात लोणी, मिरपूड आणि मलई घालून केलेलं सूप मी पाहुणी म्हणून प्यायले आहे. दहा रुपयांचं टाकाऊ वाचवण्यासाठी पन्नासचं लोणी आणि तासभर गॅस. असे देठ गाईला घालावेत, नाहीतर कुंडीत पुरावेत. जे घरातली माणसं मिटक्या मारत खाणार नाहीत ते वाचवून उपयोग नसतो. कचरा ओट्यावरून थेट डब्यात जाण्याऐवजी फ्रिजमार्गे डब्यात जातो, इतकाच फरक.

खरी काटकसर बाजारातच अर्धी होऊन जाते. पुण्यात राहून मंडईत न जाणारे लोक वाढले आहेत, मी अजून जाते. पहिल्या फेरीत पिशवी उघडायची नाही, ही सासूबाईंची शिकवण. नुसतं फिरायचं, भाव ऐकायचे, कुठली भाजी प्रत्येक गाळ्यावर ढिगाने दिसते ते बघायचं. जी ढिगाने दिसते ती त्या दिवसाची भाजी. घरून काय ठरवून निघालो होतो ते विसरायचं. थंडीत मटार असा दिसू लागला की पाच किलो घेऊन टीव्हीसमोर सगळ्या घराला सोलायला बसवायचं. आणि वीसला एक, पस्तीसला दोन अशा पालकाच्या जुडीला "मावशी, एकच द्या" म्हणायला शिकायचं. पाच रुपये वाचवून आणलेली दुसरी जुडी गुरुवारपर्यंत पिवळी पडते.

मंडईची इमारत १८८६ची. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावावरून ते रे मार्केट होतं. ती बांधण्याचं नगरपालिकेत घाटत होतं तेव्हा सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी विरोध केला होता: एवढा पैसा बाजारपेठेवर घालण्यापेक्षा शिक्षणावर घाला. इमारत झालीच, आणि पुढे तिला नाव मिळालं महात्मा फुले मंडई. पै-पैचा हिशेब विचारणाऱ्या माणसाचं नाव त्याला नको असलेल्या खर्चावर लागलं. तिथे पालकाची घासाघीस करताना मला हे हटकून आठवतं आणि थोडं बळ येतं.

वाण्याकडची गोष्ट वेगळी. तिथे डोळे भावावर नाही, वजनावर ठेवायचे. एक लिटर तेल म्हणजे एक किलो तेल नव्हे. ते वजनाला साधारण ९१० ग्रॅम भरतं. पंधरा लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या थोडं वर तेल असतं, आणि शेजारी ठेवलेल्या पंधरा किलोच्या डब्यापेक्षा तो स्वस्त असेल तर त्यात नवल काहीच नाही. पुडक्यांचंही तेच. पूर्वी चहा, बिस्किटं अशा काही वस्तू ठरावीक वजनांतच बांधून विकायचं बंधन होतं. २०२१मध्ये नियम बदलले, ते बंधन उठलं आणि त्याऐवजी एका ग्रॅमला किंवा एका किलोला किती पडतात ते पाकिटावर छापणं आलं. ते छापलेलं असतं, पण मुंगीच्या अक्षरांत. मी चष्मा लावून ते वाचत उभी राहते तेव्हा माझा मुलगा दुसऱ्या रांगेत जाऊन उभा राहतो. मोठं पाकीट स्वस्त पडतं हा समज तिथेच मोडतो. शांपूची पुडी पुष्कळदा बाटलीपेक्षा स्वस्त निघते, आणि 'एकावर एक फुकट'मधला दुसरा मसाला वर्षभराने वास उडालेला सापडतो.

वर्षाची बेगमी हा प्रकार मी सोडून दिला. उन्हाळ्यात गहू-तांदूळ भरायचे, उन्हं दाखवायची, डाळीला एरंडेलाचा हात लावायचा, कडुनिंबाचा पाला घालून पत्र्याच्या कोठ्या बंद करायच्या, हे माळा आणि गच्ची असलेल्या घरांचं शास्त्र आहे. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये पावसाळा आला की त्या स्वस्त धान्यात टोके होतात. रवा तेवढा आणल्या दिवशी भाजून ठेवते.

आता शिवणटिपण. 'टाकाऊतून टिकाऊ' या सदराखाली जे चालतं त्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. सरबताच्या रिकाम्या बाटलीला सुतळी गुंडाळायची, तिच्यावर ॲक्रिलिकने वारली माणसं नाचवायची, आरसे चिकटवायचे. रंग, गोंद, आरसे मिळून तीनशे रुपये, आणि वर ती बाटली पुसायचं काम जन्मभर. आमच्या आधीच्या बायकांनी अशी शोभा केली नाही. लुगडं मधोमध विरलं की विरलेला भाग कापून उरलेले तुकडे जोडायचे, याला दंड घालणं म्हणत. शिवण निऱ्यांत लपायची. तेही विरलं की परकर, मग दुपटी, मग गोधडीचा आतला थर. गोधडीत सगळ्यात मऊ जुनेर वर-खाली आणि फाटकं आत. कडेने धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. सासूबाईंची तक्रार अशी की हल्लीच्या साड्या गोधडीच्या लायकीच्या राहिल्या नाहीत. सिंथेटिक साडी फाटत नाही, सुईखालून घसरते आणि थंडीत ऊबही देत नाही. "नेसायला स्वस्त आणि टाकायला महाग," म्हणतात.

मला स्वतःला जमतो तो एकच प्रकार, जुन्या पँटच्या पायाची पिशवी. पाय मांडीपासून कापा, खालचं तोंड शिवा, कमरपट्टीचे बंद लावा. जीन्स असेल तर चार किलो बटाटे सहज पेलते. २०१८मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा आमच्या सोसायटीतल्या निम्म्या पुरुषांचे पाय भाजीबाजारात हिंडत होते.

आणि ब्लाउजपीस! या विषयात त्याच्याइतकं काटकसरी काही मी पाहिलेलं नाही. ओटीत आलेला ब्लाउजपीस सहसा कोणी शिवत नाही. तो कपाटात जातो आणि पुढच्या ओटीत बाहेर पडतो. त्याची घडी मोडायची नाही, चिकटवलेला कागद काढायचा नाही, एवढं सगळ्या बायका न सांगता पाळतात. फक्त कोणाकडून आला ते लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे तो तिलाच परत जाणार नाही. सासूबाई त्यासाठी घडीत बारीक चिठ्ठी ठेवतात. एकदा चिठ्ठी काढायची राहिली. नणंदेच्या जावेला ओटीत तिच्याच मावशीचं नाव मिळालं, आणि तिने अतिशय शांतपणे त्यावर दुसरं नाव लिहून तो पुढे पाठवला. नवऱ्याला मी हे सांगितलं तर तो म्हणाला, मग त्यापेक्षा देऊच नका ना. पुरुषांना अर्थशास्त्र कळतं, चलन कळत नाही.

या सगळ्यातून वाचतं किती, असा प्रश्न घरात कधी कोणी विचारला नाही. वाचवणाऱ्या बाईचा वेळ धरला तर बहुधा काहीच वाचत नसेल. दोडक्याच्या शिरा परतायला लागणारी वीस मिनिटं कुठल्याच वहीत लिहिलेली नसतात. मी नोकरी करते, त्यामुळे माझ्या तासाची किंमत मला कळते, आणि म्हणून मी गोधडी शिवत नाही. सासूबाईंना त्यांच्या तासाची किंमत कोणी सांगितली नाही. त्यांना महिन्याला घरखर्चाचे पैसे मिळत, आणि त्यातून जे राहील ते त्यांचं, एवढाच व्यवहार. तो पैसा बँकेत जात नसे. तांदळाच्या डब्यात, तळाशी, रुमालाच्या गाठीत असे.

तो हिशेब उघड झाला तो एकदाच. ८ नोव्हेंबर २०१६च्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी परातीत तांदूळ ओतले. सासरे बघत राहिले. नोटांना तांदळाची पांढरी पूड लागली होती. सासऱ्यांनी त्या मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि "हे कुठून आले?" असं विचारलं. "तुम्ही खाल्लं नाही त्यातून," सासूबाई म्हणाल्या. ते नोटा घेऊन बँकेच्या रांगेत उभे राहिले. परत आल्यावर त्यांनी सांगितलं की रांगेत निम्म्या बायका होत्या आणि निम्मे असे नवरे, ज्यांना आदल्या दिवशीपर्यंत काहीच माहीत नव्हतं.

त्या पैशांचं खातं काढून दिलं, पासबुकही आलं. सासूबाईंनी ते देवघरात ठेवलं आणि पुढच्या महिन्यापासून पुन्हा तांदळाचा डबा सुरू केला. दोन हजाराची गुलाबी नोट मात्र त्यांनी कधी त्यात ठेवली नाही. एवढ्या मोठ्या नोटेचे सुट्टे मंडईत कोण देणार, असं त्यांचं म्हणणं होतं. २०२३च्या मे महिन्यात ती नोटही माघारी घेण्याचं जाहीर झालं तेव्हा सासऱ्यांच्या कपाटातून चार निघाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या दिवशी फोडणीच्या पोळीत शेंगदाणे तेवढे जरा जास्त होते.